काचेचा मणी आणि तगरचा व्यापार

काचेच्या बांगड्या भरणे हा ज्या समाजाचा एक पिढीजाद व्यवसाय, त्या आपल्या कासार समाजातील वाचकांस काचेच्या पूर्वेतिहासाविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक होय. म्हणून या स्मरणिकेत तेर येथे मिळालेल्या प्राचीन मण्यांची हकिकत थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर आपणां सर्वांस संत गोरोबाकाकांमुळे परिचित आहे. परंतु त्याच्याही कितीतरी शतके आधी हे गाव ‘तगर’ या नावाने दूरदेशी ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याचा ‘पेरिप्लस’ नावाचा ग्रंथ उपलब्ध आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून, तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरी येते, असे त्यात नमूद आहे. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये प्रतिपादन केले.

या गावच्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मातीतून मणी उघडे पडत. ते वेचून जपण्याचे मोठे काम तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी केले. त्यांच्या संग्रहातूनच तेथील आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पुढे १९५८ साली बी. एन. चापेकर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले.

आता प्रश्न असा की, असा मणी कोठला हे ओळखावे कसे? प्रथम भिंग घ्यावे. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे पाडले असतील, तर काचेतील बुडबुडे भोकाला समांतर लांबट दिसतात. काच तारेवर गुंडाळली असेल, तर ते भोकाभोवती वळलेले दिसतात. नळी ओढण्याची पद्धत भारतीय कारागिरांची खास. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू हे तिचे प्रसिद्ध केंद्र होते. व्हीलर यांनी १९४५ मध्ये तेथे उत्खनन केले. अशा जातीचे मणी पूर्व आफ्रिकेपासून कोरिया-जपानपर्यंत सापडले आहेत.

दुसरी कसोटी रसायनशास्त्राची. वाळू वितळण्यासाठी क्षार लागतो. भूमध्य समुद्राकडील कारखाने मिसरातील नैसर्गिक सोडा वापरीत. आपल्याकडील बऱ्याच काचेत खाऱ्या मातीतील सोडा असे आणि स्थानिक वाळूमुळे त्या काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण अधिक उतरे. तथापि येथे एक मेख आहे. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत ‘पेरिप्लस’ कच्च्या काचेचाही उल्लेख करतो. म्हणजे काच परदेशची आणि हात येथल्या कारागिराचा, असाही मणी संभवतो. यास्तव ‘मणी कोठला?’ या प्रश्नाला दोन उत्तरे लागतात: एक काचेचे, दुसरे घडणीचे.

काही उत्साही ज्ञातिबांधव असे प्राचीन मणी ‘आपल्याच पूर्वजांनी केले’ असे सांगतात. त्यांचा अभिमान समजण्याजोगा आहे. परंतु मण्यावर जात कोरलेली नसते. आपल्या व्यवसायनामाचा भक्कम पुरावा हवा असल्यास तो जुन्नरच्या लेण्यांत आहे. तेथील एका प्राचीन शिलालेखात कासाकारांच्या, म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे धर्मकार्यासाठी द्रव्य ठेवल्याची नोंद आहे. परक्याने विश्वासाने द्रव्य ठेवावे, अशी त्या श्रेणीची पत होती! मात्र तो लेख काशाचा आहे, काचेचा नव्हे. जे आहे तेच पुरेसे गौरवास्पद असता, नाही ते जोडून त्याची किंमत का कमी करावी?

शेवटी एक विनंती. जुन्या पांढरीवर मिळालेले मणी हौसेने माळेत ओवले जातात किंवा फिरत्या व्यापाऱ्यास चार पैशांत विकले जातात. मणी राहतो, पण तो कोणत्या गावी, कोणत्या थरात, कशाच्या सोबत मिळाला ही साक्ष कायमची पुसली जाते. आणि त्या साक्षीवाचून तो केवळ रंगीत काचेचा तुकडा उरतो. जमिनीत सापडणाऱ्या अशा वस्तूंसंबंधी १८७८ चा निखात निधी कायदा आणि पुरावशेषांसंबंधी १९७२ चा कायदा आहेच. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा आपली जाण मोठी असावी. कोणा बंधुभगिनीस असा मणी आढळल्यास त्यांनी तेथे उकरू नये. जागा व दिवस टिपून ठेवावा आणि तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. काचेची पारख ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा करणे अवास्तव होणार नाही.