सडपातळ माणूस, सुटलेले पोट आणि फुप्फुसे : एका मोजमापाचा इतिहास

कॉलेजबाहेरच्या पानठेल्यावर दोन वाक्ये तुम्ही कधी ना कधी ऐकली असतील. पहिले : "सिगारेट ओढणारा लठ्ठ होत नाही." दुसरे : "सोडली की पोट सुटतं, त्यापेक्षा चालू आहे तेच बरं." दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे आणि धोका नेमका तिथेच आहे. धूम्रपान करणाऱ्याची चरबी आणि त्याची फुप्फुसे यांचा संबंध माणसाने कसा मोजत आणला, त्या मोजमापांत आपण भारतीय कुठे बसतो आणि त्यावरून या दोन वाक्यांचे काय करायचे, ते या टिपणात पाहू.

१. पाण्यावर तरंगणारे भांडे

१८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने आपल्या स्पायरोमीटरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्र साधे होते. पाण्यात उपडे ठेवलेले भांडे कप्पीवरून वजनांनी तोललेले असे. नळीतून फुंकले की भांडे वर उचलले जाई आणि पट्टीवर हवेचे घनफळ वाचता येई. पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त जितकी हवा बाहेर सोडता येते, तिला त्याने 'व्हायटल कपॅसिटी' हे नाव दिले. खलाशी, पोलीस, अग्निशामक, कुस्तीगीर अशा २ हजारांहून अधिक लोकांना त्याने फुंकायला लावले.

त्याला दोन गोष्टी दिसल्या. उंचीबरोबर क्षमता ठरावीक प्रमाणात वाढते. वजनाचे मात्र तसे नाही. वजन उंचीच्या मानाने एका मर्यादेपलीकडे गेले की क्षमता घटू लागते. म्हणजे चरबी आणि फुप्फुसे यांचा संबंध यंत्राच्या जन्मापासूनच नोंदलेला आहे. हचिन्सन विमा कंपनीसाठीही काम करत होता. कोणाचा विमा उतरवावा हा त्यामागचा एक व्यावहारिक प्रश्न होता. 'सामान्य' आकडा कोणता, यावर पहिल्यापासून पैशाचे निर्णय अवलंबून होते, हे लक्षात ठेवा.

२. वजन भागिले उंचीचा वर्ग

त्याच काळात बेल्जियमचा गणिती अदोल्फ केतले 'सरासरी माणूस' शोधत होता. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने १८३० च्या दशकात मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' म्हटले आणि बीएमआय जगभर पसरला. पण सूत्र नीट पाहा. त्यात वजन आहे, उंची आहे. चरबी कुठेच नाही. स्नायू, हाडे आणि चरबी तराजूला सारखीच.

३. पहिल्या सेकंदाची हवा

१९४७ मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी वेगळा प्रश्न विचारला : एकूण हवा किती, एवढेच न पाहता पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते? आज या मापाला एफईव्ही-१ म्हणतात, आणि जोराने सोडलेल्या एकूण हवेला एफव्हीसी. अभियांत्रिकीच्या भाषेत एक टाकीची धारणक्षमता सांगते, दुसरे पाइपचा अडथळा.

धूर मुख्यतः पाइप अरुंद करतो, त्यामुळे एफईव्ही-१ जास्त घटतो आणि एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर उतरते. पोटाची चरबी टाकी दाबते. श्वासपटल हा खाली सरकणारा दट्ट्या आहे असे समजा. पोटात चरबी भरली की त्याला खाली जायला जागा कमी पडते. मग दोन्ही आकडे साधारण एकत्र घटतात आणि गुणोत्तर बरेचसे तसेच राहते. ज्याला दोन्ही त्रास आहेत अशा माणसाचे गुणोत्तर ठीकठाक दिसू शकते आणि रोग झाकला जाऊ शकतो. एकाच आकड्यावर विसंबू नये, ते यासाठी.

४. मुंबईची मतदारयादी

आता आपल्याकडे येऊ. भिलाईच्या आजूबाजूचा छत्तीसगढ आणि शेजारचा गोंदिया-भंडारा हा तेंदूपत्त्याचा पट्टा. बिडी इथल्या जंगलातून आणि इथल्या हातांतून देशभर जाते. तिच्यात तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, म्हणून ती 'हलकी' असा समज आहे. प्रत्यक्षात बिडी विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात.

१९९१ ते १९९७ या काळात मुंबईत प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मतदारयादीच्या आधारे घरोघरी जाऊन ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची नोंद केली आणि पुढे काही वर्षांनी त्यांच्यापैकी कोण हयात आहे ते पाहिले. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट, तर बिडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट निघाला. बिडी हलकी नव्हती.

याच लोकांच्या बीएमआयचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचा सर्वाधिक धोका लठ्ठांना नव्हे, तर अतिशय कृश लोकांना होता. इथे घाईने निष्कर्ष काढू नका. कृशपणा हे कारण असेल, किंवा आधीच जडलेल्या क्षयासारख्या रोगाचा तो परिणाम असेल. कार्य आणि कारण यांची अशी उलटापालट अभ्यासात नेहमी तपासावी लागते. पण एक गोष्ट पक्की : आपल्याकडे बारीक असणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. फुप्फुसांच्या दीर्घ आजारात तर वजन उतरणे ही वाईट खूण मानली जाते. २००४ मध्ये आलेल्या 'बोड' निर्देशांकात बीएमआय २१ किंवा त्याहून कमी असेल तर रुग्णाच्या धोक्यात एक गुण मिळवतात.

५. पुण्याचे छायाचित्र

त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघे शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासात याचे मूळ जन्मापर्यंत गेले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त.

आता धूम्रपान यात मिळवा. निकोटीन भूक मारते आणि शरीराचा ऊर्जाखर्च वाढवते, म्हणून ओढणाऱ्यांचे वजन सरासरीने थोडे कमी असते. पण इंग्लंडमधील नॉरफॉक इथे २१ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत दिसले की वजन सारखे धरले, तर ओढणाऱ्यांच्या कमरेभोवती चरबी अधिक असते. त्याच पाहणीत पोटाचा घेर वाढेल तशी फुप्फुसांची क्षमता कमी आढळली. म्हणजे पानठेल्यावरचे पहिले वाक्य तराजूपुरते खरे. मोजपट्टी लावली की ते टिकत नाही.

६. सोडल्यावर काय?

दुसरे वाक्य हिशेबाने तपासू. १९८६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू झालेल्या 'लंग हेल्थ स्टडी'त ५,८८७ धूम्रपान करणारे होते. ज्यांनी सोडले त्यांचे वजन वाढले, हे खरे. वाढलेल्या प्रत्येक किलोमागे पुरुषांचा एफईव्ही-१ सुमारे ११ मिलिलिटरने घटला, स्त्रियांचा त्याहून कमी. पण सोडणाऱ्यांच्या एफईव्ही-१ मध्ये पहिल्या वर्षी सरासरी ४७ मिलिलिटर वाढ झाली. त्यानंतर त्यांची घट वर्षाला ३१ मिलिलिटर राहिली, तर ओढत राहिलेल्यांची ६२.

समजा, एका पुरुषाने सिगारेट सोडली आणि त्याचे वजन ५ किलोने वाढले. तोटा सुमारे ५५ मिलिलिटर, तोही एकदाच. फायदा दरवर्षी ३१ मिलिलिटर. पहिल्या वर्षीची वाढ बाजूला ठेवली तरी दोन वर्षांच्या आत तोटा भरून निघतो. हाच फरक टिकला तर २० वर्षांत तो ६२० मिलिलिटर होतो. लंडनच्या कामगारांवरील फ्लेचर आणि पीटो यांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासानेही हेच सांगितले होते : गेलेली क्षमता फारशी परत येत नाही, पण सोडले की पुढची घसरण मंदावते. म्हणून लवकर सोडण्याला मोल आहे, आणि तुमच्या वयात ते सर्वांत जास्त आहे.

या इतिहासातून एवढे घ्या : प्रत्येक आकडा कोणीतरी, कोणासाठीतरी, कोणत्यातरी लोकसमूहावर बेतलेला असतो. बीएमआयला चरबी दिसत नाही आणि एका गुणोत्तराला पूर्ण फुप्फुस दिसत नाही. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल आणि 'मी तर काटकुळा आहे, मला काय होतंय' म्हणत असेल, तर त्यांना वजनकाट्याऐवजी स्पायरोमीटरपर्यंत घेऊन जा.

स्वाध्याय

१. एका पुरुषाचा एफव्हीसी ३.० लिटर आणि एफईव्ही-१ १.८ लिटर आहे. गुणोत्तर काढा. अडचण टाकीची की पाइपची?
२. विभाग ६ मधील उदाहरणात वजनवाढ १० किलो धरा. तोटा किती वर्षांत भरून निघेल?
३. मुंबईच्या अभ्यासात कृशपणा हे मृत्यूचे कारण होते की रोगाचा परिणाम, हे तपासायला तुम्ही आणखी कोणती माहिती मागाल?