गुपिताची मोहोर

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, धर्मगुरूंजवळ पापनिवेदन करण्याची रीत मात्र इथल्या ख्रिस्ती समाजात टिकली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने त्या गुपितावर उमटवलेली मोहोर चर्चच्या कायद्यात आजही निरपवाद आहे. खाजगी समुपदेशकाकडे जाताना आपण नकळत तीच अपेक्षा घेऊन जातो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचार करणाऱ्यांना गोपनीयतेने बांधतो, पण कुणाच्या जिवाला धोका असल्यास सूटही देतो. शिवाय धर्मगुरूची दीक्षा सर्वांना ठाऊक असते. समुपदेशकाचे शिक्षण आपणच विचारायचे असते. म्हणून आम्हांला वाटते, पदवी, फी आणि गुपिताची सीमा पहिल्याच भेटीत विचारावी. मोहोर कुठवर आहे हे कळले, की मन मोकळे करणे सोपे जाते.