मानवी शरीर : रचनेचे स्तर

अणू, रेणू, पेशी, ऊती, अवयव, संस्था आणि अखेर सबंध देह, अशा चढत्या पायऱ्यांनी शरीराची रचना अभ्यासली जाते. वजनाच्या हिशेबाने शरीराचा सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो. त्यांतला एकही अणू जिवंत नसतो. त्यांच्यापासून झालेली प्रथिने आणि मेदही नसतात. जिवंतपणा सुरू होतो तो पेशीपासून.

लहान आतड्याचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पुढच्या पायऱ्या एकत्र दिसतात. आतून पेशींचा एकेरी थर, म्हणजे अभिस्तर ऊती. हा थर तीन ते पाच दिवसांत नवा होतो. त्याखाली रक्तवाहिन्यांना आधार देणारी संयोजी ऊती. मग स्नायूंचे दोन थर, आतला आडवे वेढे घेणारा आणि बाहेरचा लांबीने गेलेला. त्या दोहोंमध्ये चेतापेशींचे जाळे. चारही मुख्य ऊती काही मिलिमीटर जाडीच्या भिंतीत नांदतात. एकटी स्नायूपेशी आकुंचन पावते, पण वरणभाताचा घास पुढे सरकवणे तिच्या आवाक्यातले नाही. ते काम आतड्याचे.

ऊती ही कल्पना फ्रेंच वैद्य ग्झाव्ये बिशा (१७७१–१८०२) यांनी रुजवली. शवांचे भाग उकळून, वाळवून, आम्लात ठेवून त्यांनी २१ प्रकारच्या ऊती ओळखल्या, त्याही सूक्ष्मदर्शक न वापरता. श्लायडन आणि श्वान यांचा पेशीसिद्धांत त्यानंतरचा, १८३८-३९ चा. जुने ग्रंथ वाचताना मात्र शब्द जपून घ्यावे लागतात: सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत, पण तिथे पेशी म्हणजे मांसाचा गठ्ठा आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू.

पायऱ्यांची ही मांडणी अभ्यासाच्या सोयीची. सुटे भाग जोडून शरीर घडत नाही, ही गोष्ट शिकवताना हमखास निसटते आणि ती निसटू नये. सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाचे एक फलित अंडे विभागत जाते; ऊती आणि अवयव त्याच्यातूनच वेगळे होत जातात.

संस्था साधारणपणे ११ मानतात. त्यांच्या सीमा अभ्यासकांनी आखलेल्या आहेत. स्वादुपिंड आतड्यात पाचकरस सोडते आणि रक्तात इन्सुलिन; म्हणून पचनसंस्थेच्या प्रकरणातही ते येते आणि अंतःस्रावी संस्थेच्याही.