आराव नांग कागितिंगान (फिलिपीन्सचा शौर्यदिन)

आराव नांग कागितिंगान : दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या फिलिपिनो सैनिकांच्या स्मरणार्थ फिलिपीन्समध्ये ९ एप्रिलला पाळला जाणारा राष्ट्रीय दिन. तागालोग भाषेत ‘आराव’ म्हणजे दिवस आणि ‘कागितिंगान’ म्हणजे शौर्य. १९४२ मध्ये याच तारखेला बाताआन द्वीपकल्पावरील फिलिपिनो व अमेरिकी फौजांनी जपानपुढे शस्त्रे ठेवली. शरणागतीची तारीख शौर्यदिन म्हणून पाळली जाणे, हे या दिवसाचे वेगळेपण होय.

पार्श्वभूमी : फिलिपीन्स १९३५ पासून अमेरिकेच्या छत्राखाली अंतर्गत स्वायत्तता उपभोगत होता, १९४६ मध्ये त्याला स्वातंत्र्य मिळायचे होते. २६ जुलै १९४१ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी फिलिपीन्सची सेना अमेरिकी सेनेच्या सेवेत घेतली. तिचे नेतृत्व जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्याकडे होते. ‘फिलिपीन स्काउट्स’ ही अमेरिकी सेनेतील मुरलेली तुकडी होती; पण बहुसंख्य सैनिक नवशिके होते. त्यांच्याकडे जुन्या रायफली, कापडी बूट आणि नारळाच्या तंतूंची शिरस्त्राणे होती.

बाताआनचा लढा : ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हल्ला चढवला. २२ डिसेंबरला लिंगायेनच्या आखातात जपानचे मुख्य सैन्य उतरले, तेव्हा बचावाच्या फौजा बाताआनकडे हटल्या. जानेवारीच्या आरंभीच शिधा निम्म्यावर आला. हिवताप, हगवण व बेरीबेरीने तळ पोखरला आणि शेवटी घोडदळाचे घोडेही मारून खावे लागले. १६ जानेवारी १९४२ रोजी भटारखान्याचा सार्जंट होसे कालुगास याने एक तोफ गप्प झालेली पाहिली. तिचे गोलंदाज मरून वा जखमी होऊन पडले होते. भडिमारातून सुमारे ९०० मीटर धावत जाऊन त्याने सोबत्यांच्या मदतीने ती तोफ पुन्हा चालू केली. यासाठी त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, ‘मेडल ऑफ ऑनर’, मिळाले. बाताआन ज्या बेटाचा भाग आहे, ते लूझॉन जिंकण्यासाठी जपानी सेनापती मासाहारू होम्मा यांना ५० दिवसांची मुदत होती. बाताआन पडेपर्यंत साडेतीन महिने लोटले आणि बाताआनजवळचे कोरेगिदोर बेट ६ मेपर्यंत झुंजले.

मृत्युयात्रा : बाताआन येथे सुमारे ७५ हजार सैनिक युद्धकैदी झाले. त्यांत अमेरिकी सुमारे १२ हजार, बाकीचे फिलिपिनो. मारिवेलेस व बागाक येथून सान फर्नांदोपर्यंत त्यांना उन्हातून, अन्नपाण्याविना चालवले गेले. मागे पडलेल्यांना संगिनींनी भोसकले गेले. सान फर्नांदोहून मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून त्यांना कापासला नेले व पुन्हा चालवत ओडॉनेल छावणीत डांबले. वाटेत हजारो फिलिपिनो मेले. छावणीत रोगाने व उपासमारीने २० हजारांहून अधिक दगावले. कैदेतून सुटलेल्यांपैकी अनेकजण गनिमी पथकांना मिळाले. त्यांत कालुगास होता, तसेच ४१व्या डिव्हिजनचे सेनापती व्हिसेंते लिमही होते. लिम यांना पुढे जपान्यांनी पकडून ठार केले. या यात्रेतील अत्याचारांबद्दल होम्मा यांना एप्रिल १९४६ मध्ये मृत्युदंड झाला.

उपेक्षा व मान्यता : फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून बहुतेक फिलिपिनो सैनिकांची सेवा अमेरिकी लष्करी सेवेत धरण्याचे नाकारले. अडीच लाखांहून अधिक सैनिक बहुतांश लाभांना मुकले. झांबालेस प्रांतात गनिमी पथकाचे नेतृत्व केलेले रामोन मॅगसेसे यांनी १९४८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन या सैनिकांची बाजू मांडली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९५८ मध्ये विनोबा भावे यांना मिळालेला पुरस्कार त्यांच्याच नावाचा. १९९० च्या कायद्याने या सैनिकांना अमेरिकी नागरिकत्वाची वाट खुली झाली. २००९ मध्ये अमेरिकी नागरिक असलेल्यांना १५ हजार आणि इतरांना ९ हजार डॉलर एकरकमी देण्यात आले. या सैनिकांना ‘काँग्रेशनल गोल्ड मेडल’ देण्याचा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये झाला आणि पदक ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रदान झाले. तोवर हयात असलेले सैनिक नव्वदीच्या घरात होते.

स्मरण : १९६१ च्या कायद्याने ९ एप्रिल हा ‘बाताआन दिन’ ठरला, १९८७ च्या आदेशात तो ‘आराव नांग कागितिंगान’ या नावाने नोंदला गेला. मुख्य सोहळा बाताआनमधील सामात पर्वतावर, सुमारे ९२ मीटर उंच क्रूसाच्या पायथ्याशी होतो. तेथील शिल्पे नापोलियन आबुएव्हा यांची आहेत. मृत्युयात्रेच्या मार्गावर दर किलोमीटरला स्तंभ उभारले आहेत, तर कापास येथील स्मारकाच्या भिंतीवर मृतांची नावे कोरली आहेत. सामातच्या सोहळ्यास अमेरिकेच्या राजदूताबरोबर जपानचे राजदूतही उपस्थित राहतात.