आमच्या धुळीची कुळकथा

दिवाळी जवळ आली की घरोघर धुळीवर स्वारी होते. माळे उतरतात, जळमटे निघतात, पितळी भांडी चिंच लावून लखलखतात, आणि वर्षभर आपल्या घरात बिनभाड्याने राहिलेली ती बिचारी उंबऱ्याबाहेर जाते. तिला निरोप देताना तिचे गावगोत्र कोणी विचारीत नाही. मराठी भाषेने मात्र तिला पुष्कळ मान दिलेला आहे. मुलाचा विद्यारंभ धुळाक्षरांनी होई. लग्नाला मुहूर्त गोरज. पावसाआधीची पेरणी धूळपेर. आणि थोरामोठ्यांना आपण घरी बोलावतो तेही पायधूळ झाडायला. इतका जिचा घरोबा, तिची कुळकथा एकदा तरी सांगावी, म्हणून हा खटाटोप. मी भंडारा जिल्ह्यातला, तेव्हा कथा आमच्याच धुळीची सांगणार, हे ओघाने आलेच.

पण आधी जगाची एक फेरी मारू या. धूळ म्हणून एकच वस्तू जगात कोठेही नाही. ज्या मुलखाचा खडक, त्या खडकाचे ते पीठ. ज्वारीचे पीठ निराळे, तांदळाचे निराळे, तसेच हे. १८३२ च्या जानेवारीत 'बीगल' जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्द बेटांपाशी आले, तेव्हा तरुण डार्विनने हवेतून पडणारी बारीक तांबूस धूळ गोळा केली. तिच्या पुड्या पुढे बर्लिनला एरेनबर्ग या पंडिताकडे गेल्या. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो त्या चिमटीत सूक्ष्म जीवांची गारेची कवचे! कोठल्या तरी आटलेल्या तळ्याचा गाळ वाऱ्यावर बसून समुद्रात आला होता.

आज आपण त्याच्या पुष्कळ पुढे आलो आहो. सहाराच्या उत्तर भागातील धुळीत चुन्याचा अंश अधिक. दक्षिणेकडे साहेल प्रदेशात उतरावे तो ती लोहाने तांबडी होते. चाड देशातील बोदेले हा खोलगट प्रदेश म्हणजे एका प्राचीन सरोवराचा तळ. तेथली धूळ अटलांटिक ओलांडून थेट ॲमेझॉनच्या अरण्यात पडते आणि त्या झाडांना स्फुरद पुरवते. सहाराच्या धुळीतून वर्षाला सुमारे २२ हजार टन स्फुरद असे जाते, असा अंदाज २०१५ साली 'नासा'च्या शास्त्रज्ञांनी केला. चीनमधली पिवळी धूळ चुनखडीयुक्त, आइसलंडची काळी, ज्वालामुखीच्या काचेची. तर ऑस्ट्रेलियाची इतकी लाल, की २३ सप्टेंबर २००९ रोजी सिडनी शहर उजाडले ते शेंदरी रंगात न्हाऊनच. या रंगांना अर्थ आहे. लोहाची तांबडी धूळ उन्हाची उष्णता शोषून घेते, फिकट धूळ ती परतवते. म्हणून २०२२ साली अंतराळस्थानकावर 'एमिट' नावाचे एक उपकरण बसविण्यात आले. जगातील ओसाड मुलखांच्या मातीत कोणकोणती खनिजे आहेत याची ते वरून नोंद घेते.

आता घरी येऊ. पुण्याहून नागपूरकडे येताना बहुतेक वाट काळ्या मातीची असते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचे ते पीठ; पावसात पायाला चिकटणारे आणि उन्हाळ्यात भेगाळणारे. नागपूरपाशी हा लाव्हा संपतो. पूर्वेला आले की भूमी बदलते. आमच्या जिल्ह्याचा खडक त्या लाव्ह्याहून कितीतरी पटींनी म्हातारा आहे. म्हणून आमच्या धुळीत गारेचे कण असतात, अभ्रकाची चमक असते. साकोलीच्या बाजूला कायनाइट आणि सिलिमनाइट ही उष्णतेला न डगमगणारी खनिजे सापडतात. आणि उत्तरेला तुमसर तालुक्यात, चिखला नि डोंगरी बुजुर्ग येथे, सापडते ते मँगनीज. ते हाताला लागले की हात काजळासारखे काळे होतात.

या काळ्या दगडाला इतिहासात शिरायला विसावे शतक उजाडावे लागले. १८८२ साली इंग्लंडमध्ये हॅडफील्डने पोलादात मँगनीज घालून असे पोलाद काढले, की ते आघाताने उलट अधिकच कठीण होई. रेल्वेच्या सांध्यांना ते हवे होते, दगड फोडण्याच्या यंत्रांना हवे होते. साध्या पोलादातला गंधक काढायलाही मँगनीज लागतेच. १९०० च्या सुमारास नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात कुदळी पडू लागल्या. १९०५ साली रशियात बंडाळी माजली, तिकडचा माल अडला आणि आमच्या दगडाचा भाव चढला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांच्या डोक्यावर जे पोलादी टोप आले, तेही हॅडफील्डच्याच पोलादाचे. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले, त्यामागेही मध्य प्रांताचे मँगनीज बाहेर नेणे हा एक मोठा हेतू होता.

भूशास्त्रज्ञ फर्मोर याने १९०९ साली या खनिजावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथल्या एका खडकाला, मँगनीजयुक्त गार्नेट आणि गार यांच्या मिश्रणाला, त्याने नाव दिले 'गोंडाइट'. गोंडांच्या नावावरून! जगातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आजही तो शब्द आहे. मला त्याचे कौतुक वाटते आणि मन थोडे खट्टूही होते. खडकाला माणसांचे नाव मिळाले. पण त्या खडकाचे पीठ ज्यांच्या छातीत गेले, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात आहेत?

कारण ही धूळ अंगणातल्या धुळीसारखी निरुपद्रवी नाही. गारेची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुप्फुसे दगडावतात. मँगनीजची त्याहून पुढे जाते; ती रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. स्कॉटलंडमध्ये कूपर नावाच्या डॉक्टरने १८३७ सालीच तिचे बळी वर्णिले होते. पुढे १९५५ साली मोरोक्कोच्या खाणींतून रॉदिए याने तसेच वृत्तान्त दिले. चिलीच्या खाणकामगारांनी तर या रोगाला 'मँगनीजचे वेड' असेच नाव दिले. आधी माणूस विनाकारण हसतो, रडतो, चिडतो. मग चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो, चाल टाचा उचलून कोंबड्यासारखी होते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने मँगनीजची विषबाधा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातली. १९६२ साली भारत सरकार, दोन राज्ये आणि जुनी ब्रिटिश कंपनी यांच्या भागीदारीत नवी कंपनी निघाली. १९७७ पासून ब्रिटिश भागही गेला. आज तीच 'मॉइल' होय.

आणि उपाय? तो आपल्या आजीला ठाऊक होता. ती अंगण कोरडे कधी झाडीत नसे. आधी पाण्याचा शिपका, मग खराटा. खाणीत दगडाला भोक पाडताना पोकळ दांड्यातून पाणी सोडतात, ते याच नियमाने. कोरडे भोक पाडले की पीठ हवेत उडते, ओले पाडले की त्याचा चिखल होऊन खाली बसते. केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाहूनही बारीक कण सर्वांत घातक, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून भरवसा डोळ्यांवर नव्हे, पाण्यावर, हवेच्या मापनावर आणि कामगाराच्या वेळच्या वेळी होणाऱ्या तपासणीवर ठेवायचा.

मुलांनो, जुन्या बॅटरीच्या सेलमध्ये जी काळी पूड असते ना, ती मँगनीजचीच; डोंगरी बुजुर्गचा दगड त्या कामीही येतो. अंधारात तुम्ही खटका दाबता आणि उजेड पडतो, त्या उजेडात कोणाच्या तरी श्वासाचा वाटा असतो. अंतराळातले उपकरण वाळवंटांची खनिजे मोजते, ही मोठीच गोष्ट झाली. पण खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत काय साचले, हे पाहायला माणूसच लागतो, आणि तो जमिनीवरचाच लागतो. धूळ प्रत्येक मुलखाची निराळी. ती झेलणारी छाती मात्र सगळीकडे सारखीच.