खैराच्या झाडापासून वीटभट्टीपर्यंत: रायगडचे कातकरी

रायगडच्या किनारपट्टीलगतच्या डोंगरउतारांवर राहणाऱ्या कातकरी किंवा काथोडी जमातीचे नावच मुळी तिच्या धंद्यावरून, म्हणजे विड्यात लागणारा कात करण्यावरून, पडलेले आहे. खैराचे झाड तोडून, बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकून, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, रस गाळून पुन्हा आटवायचा आणि घट्ट झालेल्या लगद्याच्या वड्या वाळवायच्या, असे ते काम असे. १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित जंगले ठरवून खैरतोडीवर सरकारी ताबा बसवला, तेव्हा केवळ एक धंदा गेला नाही, तर ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वावर होता, त्याच रानात हे लोक गुन्हेगार ठरू लागले. मग कोळसाभट्टीवरची लाकूडतोड आणि पुढे वीटभट्ट्या हाच आधार उरला. पावसाळ्यातल्या उपासमारीत घेतलेली ‘उचल’, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ मिळणारी रक्कम, फेडण्यासाठी दिवाळीनंतर सबंध कुटुंब भट्टीवर जाते आणि मुलांची शाळा सुटते.

उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अशाच वनकायद्यांविरुद्ध जंगल सत्याग्रह करणाऱ्यांवर गोळीबार झाला, त्यातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे; आणि तरीही अनेक कातकरवाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, हे फार बोचणारे वास्तव आहे. शासनदरबारी या जमातीची नोंद कोलाम व माडिया गोंडांसह ‘आदिम जमात’ अशी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो, परंतु वर्षातले अनेक महिने गावाबाहेर काढणाऱ्या कुटुंबाला वहिवाटीचा पुरावा जमवणे अवघड जाते.