पाणथळ जागा म्हणजे काय? तेरणा धरणाच्या काठावर तरुणांना काय करता येईल

तेर (ता. धाराशिव) : हिवाळा सरला की धरणाचं पाणी मागं सरकतं आणि काठाला ओल्या चिखलाची पट्टी उघडी पडते. कुणी तिथं गाळपेर करतं, कुणी म्हशी सोडतं, कुणी बाटल्या फेकतं. ही पट्टी आणि तिच्या पुढचं उथळ पाणी म्हणजेच पाणथळ.

इराणमधल्या रामसर इथं २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात माणसानं बांधलेले तलावही धरले आहेत. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीपात्र, भातखाचरं आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले. म्हणजे आपल्या भागातली बहुतेक धरणं आणि साठवण तलाव या नियमांच्या बाहेरच राहतात. काठ सांभाळायचा तर गावालाच पुढं यावं लागतं.

असं गाव पुढं आलं की काय होतं, ते नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात दिसतं. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळात सिंचनासाठीच बांधला. गोदावरी-कादवेचा गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, गवत वाढलं, पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये ती राज्यातली पहिली रामसर जागा म्हणून जाहीर झाली. चापडगाव भागातली पोरं आज तिथं पाहुण्यांना पक्षी दाखवतात. तेरणेचं पाणीही मांजरेतून शेवटी त्याच गोदावरीला मिळतं. भिगवणजवळ कुंभारगावातही तसंच. उजनीच्या फुगवट्यावर मासे धरणारे तरुण होडीतून रोहित पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात. धाराशिव शहर पितं ते याच उजनीचं पाणी.

शिकायला सुरुवात दहा पक्ष्यांपासून करावी. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरीच म्हणतात. गोरोबाकाकांच्या तेरमध्ये हे नाव कुणाला दोनदा सांगावं लागणार नाही. लांब लाल पायाचा शेकाट्या, चक्रवाक, पाणकावळा हेही लवकर ओळखू येतात. टिटवी तर सगळ्यांना माहीत, पण ती उघड्या जमिनीवर अंडी घालते हे ट्रॅक्टर फिरवताना ध्यानात राहत नाही.

कामात पहिला नंबर बेशरमचा. नुसती तोडली तर तुकड्यांतून पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवावी. शेळ्यांना ती विषारी आहे, जवळ बांधू नयेत. जलपर्णी फुलं यायच्या आत काढावी, कारण तिचं बी चिखलात कित्येक वर्षं टिकतं. फाटकी जाळी आणि प्लास्टिक गोळा करावं, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

एक चूक उत्साहात हमखास होते, ती म्हणजे चिखलाच्या पट्टीत झाडं लावणं. तिथल्या पक्ष्यांना मोकळी नजर लागते. झाडं बांधाला, रस्त्याकडेला लावावीत. गाळाचंही तसंच आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतला गाळ शेताला सोनं आहे, पण जेसीबीनं काठ सरळ कापला तर उथळ पाणीच उरत नाही. वर गुरं आणि लेकरं घसरायचा धोका. ठरलेल्या जागीच उपसा करावा, काठाला उतार ठेवावा.

कॉलेजच्या पोरांना राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं शिबिर. ते धरणकाठी घेता येतं. आधी ग्रामपंचायत आणि जलसंपदा विभागाची परवानगी काढावी. पोहता न येणाऱ्यानं गुडघ्यापुढच्या पाण्यात उतरू नये, गाळ उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून. सकाळी एका ठरलेल्या जागी उभं राहून पक्षी मोजायचे आणि तारखेसह आकडा वहीत लिहायचा. मोबाईलवर ई-बर्ड हे फुकट ॲप आहे, त्यातही नोंद करता येते. दरवर्षी जागा तीच ठेवावी, नाहीतर मागच्या वर्षीशी तुलना जमत नाही.